हातावरचं ध्रुपद

खंजिरी ऐकण्याइतकीच बघण्याची गोष्ट आहे. तबल्यासारखी ती जमिनीवर बसून राहत नाही. वाजवणारा ती एका हातात धरून खांद्याच्या वर नेतो, दुसऱ्या हाताची बोटं तिच्यावर चालतात, आणि लय चढली की मान, खांदे, कंबर सगळं तिच्यामागे जातं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हे वाद्य घेऊन गावंच्या गावं जागी केली. मोझरीचा त्यांचा गुरुकुंज आश्रम आमच्याच तालुक्यातला. त्यामुळे आमच्याकडे लहानशा गावातही एक भजनी मंडळ असतंच. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि सणावाराला रात्रभर भजन.

मंडळात मी पेटीवर असतो. पेटीवाल्याला समोरचे लोक नीट दिसतात. माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, जन्मापासून बहिरा आहे, आणि मला कळतंय तेव्हापासून तो पहिल्या रांगेत, खंजिरीच्या समोर बसत आलेला आहे. गाणाऱ्याच्या तोंडाकडे तो क्वचितच बघतो. त्याच्या देखत कोणीतरी दरवेळी विचारतंच, "त्याले काय समजते भजनातलं?" आणि दुसरं कोणी उत्तर देतं, "बसू द्या ना बाप्पा, करमते त्याले." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण भजन चौकात होतं, गावाच्या वर्गणीतून होतं, आणि दादाची वर्गणी कधी चुकत नाही. त्याच्या पैशाच्या बदल्यात त्याला नुसतं करमून चालणार नाही. भजन त्याला भजन म्हणून मिळालं पाहिजे, त्याच्या भाषेत, आणि शक्य असेल तिथे त्याच्यासारख्याच बहिऱ्या माणसाच्या हातून.

त्याची भाषा कुठून आली ते आधी सांगतो. लहानपणी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका निवासी शाळेत घातलं. वर्गात हात हलवायची बंदी. ओठ वाचायचे, घशावर बोटं ठेवून आवाज काढायचा, 'प' म्हणताना समोर धरलेला कागद हलला पाहिजे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक परिषद भरली आणि शाळांमधून खुणांची भाषा काढून टाकावी असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकणारे होते. त्या ठरावाची सावली शंभर वर्षांनी आमच्या विदर्भातल्या वर्गापर्यंत पोचलेली होती. पण संध्याकाळी वसतिगृहात मास्तर नसायचे. तिथे मोठी मुलं लहानांना खुणा द्यायची, गोष्टी सांगायची, नकला करायची. दादाचं खरं शिक्षण त्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये झालं.

सुट्टीत तो घरी आला की ती भाषा बोलायला कोणी नसायचं. घरात आमच्या घरच्या खुणा होत्या. भाकर, पाणी, बैल, मिशीवर बोट फिरवलं की काका, डोक्यावरून हात फिरवला की मोठी माय. त्यावर रोजचा दिवस निघतो. शेतात काय करायचं, कोण आलं, कोण रागावलं, सगळं सांगता येतं. पण 'पाऊस आला असता तर' हे त्यात सांगता येत नाही, आणि भजनं तर अशाच 'असतं तर'ने भरलेली असतात.

भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. मराठी किंवा हिंदी शब्दांना हातवारे जोडून ती होत नाही. तिच्यात 'कोण', 'कुठे', 'कधी' वाक्याच्या शेवटी येतात, भुवया वर गेल्या की वाक्य प्रश्न होतं, आणि एखाद्या माणसाला समोरच्या हवेत एक जागा दिली की मग सगळी गोष्ट संपेपर्यंत तो माणूस तिथेच राहतो. तिच्यासाठी दिल्लीत २०१५ साली राष्ट्रीय संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत ते १०,००० झाले. राष्ट्रगीताचं सांकेतिक भाषेतलं चित्रण २०१७ साली आलं. हे सगळं चांगलंच आहे. पण दादाच्या आयुष्यात खरा फरक पडला तो मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलने. अकोल्यापासून गोंदियापर्यंत त्याचे मित्र झाले. रात्री जेवणं झाली की फोन कोनाड्यात उभा करून ते तासन् तास बोलत असतात. वहिनीही बहिऱ्या आहेत, त्यांची ओळख अशीच झाली. आणि त्याच ओळखींमधून अमरावतीची एक तरुण दुभाषी मुलगी आमच्या मंडळापर्यंत आली. तिचे आईवडील दोघेही बहिरे. हातांनी बोलायला ती तोंडाने बोलण्याच्या आधी शिकली.

आमच्या मंडळातल्या आबाजींनी दुबार पेरणीवर एक भजन रचलेलं आहे. मृगाची पहिली सर पडते, सगळे घाई करून सोयाबीन पेरतात, मग आभाळ निघून जातं, उगवलेलं करपतं, आणि माणूस उधारीवर पुन्हा बियाणं आणतो. ध्रुपदात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत, पावसाला हाक आहे. छापलेलं कुठे नाही, आमच्यापुरतंच आहे. पुण्यतिथीच्या सप्ताहात हेच भजन हातांनी म्हणायचं असं ठरलं.

तालमीच्या पहिल्या दिवशी त्या दुभाषी मुलीने, आम्ही तिला ताई म्हणतो, ओळ ऐकली आणि खुणांमध्ये मांडली. अर्थ अचूक होता. दादा थोडा वेळ बघत राहिला, मग त्याने तिला थांबवलं आणि काहीतरी सांगितलं. ती हसून आम्हाला म्हणाली, "दादा म्हणतात, मी बातम्या सांगत आहे." तिला ते पटलंही. ती म्हणाली, अर्थ मी देऊ शकते, पण गाणं त्यांच्याच हातून व्हायला पाहिजे. मग मांडणी उलटी केली. दादा आमच्यासोबत वर उभा राहणार, आणि ताई खाली, लोकांच्या पहिल्या रांगेत, त्याच्याकडे तोंड करून बसणार. आम्ही कुठल्या ओळीवर आहोत, ध्रुपद कितव्यांदा चाललं आहे, बुवांनी मध्येच काय घातलं, हे ती त्याला खालून देत राहणार. जगात जिथे बहिरे कलाकार रंगमंचावर गाणी सादर करतात तिथे हीच पद्धत वापरतात, हे तिने नंतर सांगितलं.

ध्रुपदाचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. ऐकणाऱ्याला एकच ओळ आठ वेळा ऐकून कंटाळा येत नाही, कारण गाणारा दरवेळी तिला वेगळ्या ठिकाणी वळवतो. हातांनी तीच खूण आठ वेळा केली तर ती नुसती सूचना होते. दादाने यावर कित्येक रात्री घालवल्या. शेवटी जे निघालं ते असं. पहिल्या वेळी पाऊस खूप लांब, नजर क्षितिजावर, बोटांची अगदी बारीक हालचाल. दुसऱ्या वेळी तो शिवेवर येतो. तिसऱ्या वेळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हात मोठे होतात. पुढे तो त्याच्या स्वतःच्या डोक्यावर पडतो आणि दादा डोळे मिटून तोंड वर करतो. करपण्याच्या कडव्यानंतर ध्रुपद येतं तेव्हा हात पावसासाठी वर जातात आणि बोटं हलतच नाहीत. शब्द तेच, हाक तीच, आणि प्रत्येक वेळी गोष्ट एक पाऊल पुढे. बुवांच्या ताना ज्या कामासाठी असतात तेच काम इथे होत होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. पाऊस दाखवताना तो नैऋत्येकडूनच यायचा. वर्धा नदीची खूण तो नेहमी उजवीकडे, पूर्वेलाच करायचा, कारण आम्ही उत्तरेकडे तोंड करून बसत होतो आणि नदी खरोखर तिकडेच आहे. सावकाराचं घर दाखवताना हात ज्या दिशेला गेला, त्या दिशेला बसलेल्या दोघातिघांनी वळून मागे बघितलं. आबाजींच्या शब्दांमध्ये एवढा नकाशा नव्हता. दादाने भजन आमच्या शिवारात आणून उभं केलं.

लय त्याच्यापर्यंत कशी पोचवायची, यावर वेगळी खटपट झाली. देवळाचा ओटा सिमेंटचा, त्यातून काहीच जात नव्हतं. मग लाकडी तख्तपोस आणला, ढोलक त्यावरच ठेवला आणि दादा अनवाणी त्याच तख्तपोसावर उभा राहिला. डग्ग्याचा घुमारा लाकडातून सरळ तळपायात जातो. त्वचेला कंपन सगळ्यात चांगलं कळतं ते सेकंदाला २५०च्या आसपास, आणि १,०००च्या पुढे जवळपास काहीच कळत नाही. म्हणजे ढोलकाची थाप पोचते, झांजेचा किणकिणाट पोचत नाही, आणि माझी पेटी तर त्याच्यासाठी फक्त हलणारा भाता आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००१ साली बहिऱ्या लोकांच्या मेंदूचा अभ्यास झाला, त्यात हातात धरलेली कंपनं त्यांच्या मेंदूच्या ऐकण्याच्या भागालाही जागं करतात असं आढळलं. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या आणि पुढे जगातल्या नामवंत तालवादक ठरल्या. त्याही अनवाणीच वाजवतात.

सूर मात्र जात नाही. मी पेटीवाला, मला याचं वाईट वाटत होतं, आणि एकदा ताईकरवी दादाला तसं बोललो. त्याचं उत्तर तिने जसंच्या तसं सांगितलं: "सूर तुम्ही ठेवा. मला गाणं पाहिजे."

उजेडाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण यात सगळे चुकतात. मंडपवाला हॅलोजन नेहमी गाणाऱ्यांच्या मागे लावतो, म्हणजे समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. बोटं आणि भुवया दिसल्या नाहीत तर खुणांचं भजन संपलं. दिवा समोरून, थोडा वरून पाहिजे. अंगातला सदरा एकाच रंगाचा, गडद, फुलं-रेघा नसलेला. आणि हातांनी म्हणणारा माणूस वाद्यांच्या मधोमध, म्हणजे बघणाऱ्याला खंजिरी आणि हात एकाच नजरेत सापडतात. त्याला कोपऱ्यात उभं केलं की बहिऱ्या माणसाला दोनांपैकी एक निवडावं लागतं. रात्रभराचा कार्यक्रम असेल तर एका दुभाष्यावर भागत नाही. वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतात, दुसरा माणूस लागतोच.

त्या रात्री आजूबाजूच्या गावांतून आणि अमरावतीहून बरेच बहिरे लोक आले. ते कसे बसले होते ते मी कधी विसरणार नाही. पुढे झुकून, एकमेकांच्या मांडीवर ताल धरून. टाळ्या त्यांनी हात वर करून, पंजे हलवून दिल्या आणि तिसऱ्या भजनापर्यंत आमच्या बायकाही तशाच टाळ्या देऊ लागल्या. म्हाताऱ्या आयांनी ध्रुपद पुन्हा म्हणायला लावलं, त्यांना करपलेल्या पावसाचे ते थांबलेले हात पुन्हा बघायचे होते.

पण शेजारच्या गावच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कधी शाळेत न गेलेल्या. त्यांना भारतीय सांकेतिक भाषा येत नाही. त्यांच्याकडे त्यांच्या घरच्या खुणा, त्याही फक्त त्यांच्या मुलीला कळणाऱ्या. आमच्या खेड्यांमध्ये असे बहिरे लोक पुष्कळ आहेत, आणि स्टेजवर दुभाषी उभा केला की सगळ्यांची सोय झाली असं समजणाऱ्यांनी त्यांचा विचार केलेला नसतो. दादाने शेत, ढग, कोंब, करपणं हे सगळं अंगाने दाखवलेलं असल्यामुळे त्या बाईंना अर्ध्याहून जास्त कळलं. उधारीचं कडवं अजिबात कळलं नाही. मध्यंतरात वहिनी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या मुलीच्या मदतीने ते कडवं त्यांना पुन्हा करून दाखवलं. अशा माणसांसाठी एका रात्रीचं भजन पुरणार नाही. गावाने भाषा शिकली पाहिजे. बाली बेटावर बेंगकाला नावाचं गाव आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या बहिरी मुलं जन्मत आली, आणि ऐकणारे लोकही त्यांच्याशी तिथल्या खुणांच्या भाषेतच बोलतात. त्या गावात बहिऱ्यांचा स्वतःचा नाच आहे, त्यांचं पथक तो सादर करतं. आमच्या गावात एवढे बहिरे नाहीत. पण शंभरेक खुणा शिकायला गावात शंभर बहिरे कशाला पाहिजेत?

बाहेरच्या जगात हे बरंच पुढे गेलेलं आहे आणि तिथली भांडणंही शिकण्यासारखी आहेत. अमेरिकेत फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात १९९३ साली मार्ली मॅटलिन या बहिऱ्या अभिनेत्रीने राष्ट्रगीत खुणांमध्ये सादर केलं. २०२० साली क्रिस्टीन सन किम या बहिऱ्या कलावंत तिथे उभ्या राहिल्या, पण टीव्हीच्या कॅमेऱ्याने त्यांना काही क्षण दाखवून खेळाडूंकडे नजर वळवली. ज्यांच्यासाठी त्या उभ्या होत्या त्यांनाच त्या दिसल्या नाहीत, आणि किम यांनी ते जाहीरपणे लिहिलं. २०२३ मध्ये त्याच सामन्याच्या वेळी, गायिका रिहानाच्या कार्यक्रमात जस्टिना माइल्स या बहिऱ्या मुलीने खुणांमध्ये जे केलं ते जगभर पसरलं.

ब्रिटनमधलं प्रकरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २०१७ साली एका बहिऱ्या आईने मुलीला गाण्याच्या कार्यक्रमाला न्यायचं म्हणून दुभाषी मागितला. आयोजकांनी आढेवेढे घेतले, शेवटी दुभाषी दिला तो फक्त मुख्य गायिकांच्या वेळेपुरता. आधीच्या दोन गायनांना काहीच नाही. त्या न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. हे वाचलं तेव्हा मला आमचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आला. आमच्याकडे भजन म्हणजे नुसतं गाणं नसतं. मध्ये बुवांचं बोलणं, कोणाची फिरकी, वर्गणीदारांची नावं, दारूबंदीवरचे दोन शब्द. गाडगेबाबांची कीर्तनं तर लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याकडून उत्तरं काढत पुढे जायची. सगळे हसत असताना एकटा माणूस इकडेतिकडे बघतो आणि कोणीतरी 'मग सांगतो' अशी खूण करतो, ते 'मग' कधी येत नाही. म्हणून पहिल्या घोषणेपासून महाप्रसादाच्या पंगतीपर्यंत सगळं खुणांमध्ये व्हावं असं माझं म्हणणं आहे.

मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन श्रद्धांजलीसाठी स्तब्ध उभे राहतात. दादा सांगतो, तेवढ्या वेळात तो आणि बाकीचे अगदी सारखे असतात. मला वाटतं, ते सारखेपण पेटी सुरू झाल्यावरही टिकवता येतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काबद्दल बोलतं आणि त्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं. ग्रामपंचायतही त्यात आली. पण कायद्याने दुभाषी गावात येत नाही. शिकलेले दुभाषी मोठ्या शहरांत, आमच्यापर्यंत यायचं म्हणजे एसटी बदलत यायचं आणि रात्री मुक्काम करायचा. त्यांचं मानधन, प्रवास, जेवण हे वर्गणीच्या हिशोबात मंडप आणि साउंडच्या शेजारी लिहिलं गेलं पाहिजे. डीजेला जे पैसे गावं आनंदाने मोजतात त्याच्या एका हिश्श्यात हे सगळं बसतं, आणि डीजेने चांगल्या कानांचंही नुकसान होतं ते वेगळंच.

पूर्व विदर्भात तर याला मोठी जागा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं नाटक, गाणी आणि वाद्यं सगळं समोर, जिवंत. वडसा हे त्या कंपन्यांचं मोठं ठाणं. दादाचे तिकडचे मित्र सांगतात, नाटक अंगाने बरंच कळतं, गाणं लागलं की मात्र हातातून सुटतं. त्या रंगमंचावर नटांना अंगाने बोलायची सवय आहेच. एखाद्या कंपनीने एक बहिरा नट घेऊन गाणी त्याच्याकडे दिली तर या कामाला विदर्भाची स्वतःची रीत मिळेल.

आमच्या मंडळात सध्या वेगळाच वाद चालू आहे. येत्या सप्ताहासाठी दादाने स्वतःचं भजन बसवलं आहे. कोणाच्या शब्दांवरून घेतलेलं नाही, थेट हातांत रचलेलं. वसतिगृहावर आहे, एवढंच त्याने सांगितलं. त्याला सोबत फक्त ढोलक आणि खंजिरी पाहिजे, पेटी नको. ऐकणाऱ्यांसाठी ताई माइकवर बसून त्याचा अर्थ बोलणार. काही जणांचं म्हणणं, लोकांना सवय नाही, दहा मिनिटं पुष्कळ झाली. दादाला अर्धा तास पाहिजे, आणि तोही मध्यरात्रीनंतरचा नको, प्रार्थनेच्या लगेच नंतरचा, बायकापोरं जागी असतानाचा. आबाजी त्याच्या बाजूने आहेत. मीही आहे. रविवारी बैठक आहे, तिला ताई येणार आहे, म्हणजे या वेळी दादाला मंडळाशी स्वतः भांडता येईल.